कपडे उलटे करून पाहताना

शिवण शिकायला लागल्यापासून मला कपडे उलटे करून पाहायची सवय लागली आहे. वाळलेला शर्ट दोरीवरून काढताना, जुन्या पँटची घडी घालताना, दुसऱ्या कुणाचा कोट खुंटीला लावतानासुद्धा माझी नजर आधी आतल्या शिवणीकडे जाते. माया, म्हणजे टिपेच्या बाहेरचं जास्तीचं कापड, किती सोडली आहे, कडा ओव्हरलॉक केल्यात की दुमडून आत लपवल्यात, कॉलरच्या टोकाशी जास्तीचं कापड कसं कातरलंय, खिशाच्या तोंडाशी टाके दाट का घातलेत. हे सगळं आयुष्यभर अंगावर वागवत आले, आणि ते दिसायला लागलं ते आत्ता, हातात सुई घेतल्यावर.

या नव्या उत्साहाबद्दल लोक जरा सांभाळूनच बोलतात. चार दिवसांची हौस आहे, ओसरेल म्हणतात. ओसरेलही कदाचित. पण मला वाटतं, हौस ताजी असताना जे दिसतं ते पुढे हात सरावल्यावर दिसेनासं होतं. वर्षानुवर्षं शिवणाऱ्या बाईला विचारा, तू कोपरा कसा वळवतेस? ती म्हणेल, वळवते की, त्यात काय! तिच्या बोटांना ते इतकं माहीत झालेलं असतं की सांगायला शब्द उरत नाहीत. नवशिक्याला मात्र सुई कापडात रुतवून ठेवायची, कापड दाबून धरणारा फूट उचलायचा, कापड फिरवायचं, फूट खाली घ्यायचा, हे एकेक करावं लागतं आणि दर वेळी त्यातली युक्ती नव्याने कळते. सुई खाली आहे म्हणून कापड तिच्याभोवती फिरतं आणि शिवण तुटत नाही. एवढी साधी गोष्ट, पण ज्याने कुणी ती पहिल्यांदा शोधली त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

मशीनवर तर माझा जीवच जडला आहे. ज्यांना नुकतं शिकायचंय त्यांना मी एकच सांगेन. काही शिवायच्या आधी खालचं झाकण उघडा, शक्य असेल तर वर एक रंग आणि बॉबिनमध्ये, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळात, दुसरा रंग घाला, आणि चाक हाताने, अगदी सावकाश, स्वतःकडे फिरवा. सुई दोरा घेऊन कापडाखाली उतरते. तळाला पोचते आणि केसभर वर येते. नेमक्या त्याच वेळी नेढ्यापाशी दोऱ्याचा एक इवलासा फुगा तयार होतो, कारण सुई वर निघालेली असते पण कापडाने अडवल्यामुळे दोरा तिच्याबरोबर लगेच वर जात नाही. बॉबिनभोवती फिरणाऱ्या हुकाचं टोक त्या फुग्यात शिरतं, दोरा उचलतं आणि अख्ख्या बॉबिनला वळसा घालून आणतं. मग वरची दोरा ओढणारी दांडी वर जाते, दोरा आवळतो, आणि वरचा-खालचा दोरा एकमेकांत अडकतात. ही गुंतण कापडाच्या जाडीत मधोमध बसली पाहिजे. सुई कापडाबाहेर आली की खालचे दाते आपलं काम करतात. वर येतात, कापड मागे सरकवतात, खाली बुडतात आणि बुडालेलेच पुन्हा पुढे येतात. मशीन भरधाव चालवताना हे सगळं एका घरघरीत मिसळून जातं. हाताने फिरवलं की प्रत्येक भाग दुसऱ्याची वाट पाहताना दिसतो.

हे एकदा पाहिलं की मशीनची भीती जाते आणि तिच्या तक्रारीही समजायला लागतात. उदाहरणार्थ, कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे झुपके दिसले की कुणीही बॉबिनलाच दोष देईल. बहुतेक वेळा गोंधळ वर असतो. दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो, म्हणून तो ढिला सुटतो आणि हुक हवा तेवढा ओढून खाली नेतो. दोरा ओवताना फूट वर उचललेला असावा, कारण तेव्हाच त्या चकत्या उघड्या असतात. हा नियम नुसता पाठ केला असता तर लक्षात राहिला नसता, त्यामागचं कारण कळलं म्हणून राहिला.

या सगळ्याच्या मुळाशी जी कल्पना आहे ती तर फारच सुंदर आहे. हातशिलाईच्या सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, म्हणून अख्खी सुई कापडातून पार काढावी लागते. सायबेरियातल्या देनिसोवा गुहेत पक्ष्याच्या हाडाची ७.६ सेंटिमीटर लांबीची सुई सापडली आहे, सुमारे ५०,००० वर्षांपूर्वीची मानतात. तिलाही नेढं आहे, तिथेच, मागच्या टोकाला. इतका प्रदीर्घ काळ माणूस सुई आरपार नेत राहिला. यंत्राने शिवायचं तर ते नेढं टोकाशी आणावं लागलं, म्हणजे सुई पार जायची गरजच राहिली नाही, ती नुसती दोरा पोचवून परत येऊ लागली. एलियास हाउ या अमेरिकन माणसाने १८४६ मध्ये ज्या यंत्राचं पेटंट घेतलं त्यात टोकाशी नेढं असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा नेणारं शटल, दोन्ही होतं. त्याच्या आधी, १८३० मध्ये, बार्तेलेमी तिमोनिये नावाच्या फ्रेंच शिंप्याने एका दोऱ्यावर चालणारं, साखळीटाका घालणारं यंत्र केलं होतं. पॅरिसमध्ये अशा सुमारे ८० यंत्रांवर लष्कराचे गणवेश शिवले जात. पोटावर पाय येईल या भीतीने १८३१ मध्ये शिंप्यांच्या जमावाने ती यंत्रं फोडून टाकली.

साखळीटाका म्हणजे काय ते पाहायचं असेल तर धान्याच्या पोत्याचं तोंड पाहावं. योग्य टोक सापडलं की एका ओढीत सगळी शिवण सरसर सुटते. पोत्याला तेच हवं असतं. शर्टाच्या बाजूच्या शिवणीला ते परवडणारं नाही, तिथे दोन दोऱ्यांची पक्की टीपच लागते.

महात्मा गांधी यंत्रांच्या वेडाविरुद्ध सतत बोलत, पण १९२४ मध्ये एका संवादात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला आवर्जून अपवाद केलं. आजवर निघालेल्या मोजक्या उपयोगी वस्तूंमध्ये त्यांनी त्याची गणना केली. हे मी पूर्वी वाचलं होतं, पटलं ते मशीनवर बसल्यावर. शिवणयंत्र फक्त टाका घालतं. कापड कुठे न्यायचं, कुठे वळवायचं, कुठे जरा सैल सोडायचं हे त्याला कळत नाही. कापड लुळं असतं. ते सरकतं, ताणतं, एका थराला दुसरा थर मागे राहतो. पत्रा किंवा लाकूड यंत्राच्या तोंडी देऊन निघून जाता येतं, कापडाला हात लावून बसावंच लागतं. म्हणूनच आजही, मोठमोठ्या कारखान्यांतसुद्धा, जवळपास प्रत्येक कपडा कुणीतरी मशीनपुढे बसून, दोन्ही हातांनी कापड सरकवत शिवलेला असतो. कपाटात असा एकही शर्ट नाही जो कुणाच्या हाताखालून गेलेला नाही.

हे कळल्यावर मला दुकानातल्या कपड्यांकडे पूर्वीसारखं पाहता येत नाही. साधा बाह्यांचा शर्ट म्हटला तरी त्यात कॉलर, कॉलरचा पट्टा, पुढची पट्टी, खांद्याचा दुहेरी तुकडा, कफ, काजं, आणि यांतल्या काहींना आतून अस्तर किंवा कॅनव्हास. एवढं सगळं कुणीतरी घड्याळाकडे बघत शिवतं, आणि आपण ते दोन पावसाळ्यांत टाकून देतो. मी शिकत नव्हते तेव्हाही ही माणसं होतीच. मला आता त्यांच्या हाताची खूण ओळखू येते, इतकंच. एखाद्या खिशाचा कोपरा शेजारच्यापेक्षा जरा गोल झालेला असतो. पूर्वी त्याला मी खोट म्हटलं असतं.

आता कापडाविषयी. नवशिक्याला सगळ्यात आधी मशीन हवंसं वाटतं, पण माझं मत विचाराल तर पहिले काही दिवस नुसतं कापड हाताळावं. एक तुकडा घ्यावा, ताण्याच्या, म्हणजे कापडाच्या लांबीच्या, दिशेने ओढून पाहावा, मग बाण्याच्या, म्हणजे रुंदीच्या, दिशेने, मग कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे. ताण्यात तो जवळपास हलत नाही. बाण्यात किंचित देतो. तिरपा ओढला की एकदम लांबतो, कारण त्या दिशेला सरळ धागा एकही नसतो, विणीतले चौकोन तेवढे कलतात. गोल गळ्याला उरेब, म्हणजे तिरपी कापलेली, पट्टीच का लावतात, याचं उत्तर त्या एका ओढीत मिळतं. सरळ पट्टी गोलाईवर चुण्या पाडते, उरेब पट्टी गोलाईबरोबर वळते. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये मादलेन व्हियोने हिने अख्खे पोशाखच उरेब बेतले आणि कापड अंगावरून ओघळू लागलं. तिची हातोटी कुठल्या कुठे, पण तिने ज्या गुणावर सगळं उभारलं तो गुण हातरुमालाएवढ्या चिंधीतही असतो आणि कुणालाही तपासून पाहता येतो.

कापड बेतण्याआधी धुऊन घ्यावं, सुती असेल तर नक्कीच. मागावर धागे ताणलेले असतात, पाण्यात ते मूळच्या लांबीकडे परततात, आणि कापड आटतं. ते शिवण्याआधी आटलेलं बरं. आणि कातरताना कात्री फक्त कापडाचीच असावी. कागदात खनिज पूड मिसळलेली असते, तिने धार जाते. घरातल्या सगळ्यांना हे एकदा स्पष्ट सांगून टाकावं. बाकी सामानाची यादी फारशी मोठी नाही. टेप, खडू, टाचण्या, उसवणी, सुया, बरा दोरा. सुयांचा हिशेब मात्र गमतीचा आहे. मशीनच्या सुईवर ९० लिहिलेलं असेल तर तिची जाडी ०.९ मिलिमीटर असते, म्हणजे आकडा वाढला की सुई जाड. हाताच्या सुयांमध्ये बरोबर उलट, आकडा वाढला की सुई बारीक.

इस्त्रीविषयी मला भरभरून सांगायचं आहे, कारण शिकताना तीच सगळ्यात कमी मोलाची वाटते. घरी शिवलेलं आणि सफाईने शिवलेलं यांतला फरक निम्मा तरी इस्त्रीचा असतो. शिवण मारली की आधी ती आहे तशीच दाबायची, म्हणजे टाके कापडात बसतात. मग माया दोन्हीकडे उघडून दाबायची. इस्त्री फिरवायची नाही. ठेवायची, दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. फिरवली तर कापड ताणतं, उरेब बाजूला तर फारच. ज्या शिवणीकडे पाहून आता हे उसवावंच लागणार असं वाटत असतं, ती वाफेखाली एका मिनिटात सपाट होते. दर वेळी मला त्याचा तेवढाच आनंद होतो.

पहिली वस्तू म्हणून मला उशीचा अभ्राच योग्य वाटतो. त्याला चार सरळ शिवणी असतात, माप चुकलं तरी उशी रागवत नाही, आणि त्यात फ्रेंच शिवण शिकता येते. ही माझी सगळ्यात लाडकी शिवण. नेहमी कापडाच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून शिवतात. इथे आधी उलट बाजू समोरासमोर ठेवायच्या, काठापासून अर्ध्या सेंटिमीटरवर टीप मारायची, माया कातरून बारीक करायची, अभ्रा उलटा करायचा, शिवणीची कड दाबून घ्यायची आणि आतून पुन्हा टीप मारायची. सुटे धागे त्या दोन टिपांमध्ये कायमचे बंद होतात. अभ्रा आतून पाहिला तरी एक धागा लोंबत नाही. कुणी कधी पाहणार नाही अशा जागेची सफाई करायला लावणारी ही शिवण आहे, आणि ती जमली की मी अभ्रा उलटा करकरून पाहते.

जीन्सच्या पायाची शिवण याच घराण्यातली. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून दोन टिपा मारलेल्या असतात, म्हणून ती फाटता फाटत नाही. खिशाच्या टोकांवर ताण जास्त, तिथे नुसता दोरा पुरत नाही, म्हणून जेकब डेव्हिस या शिंप्याने तांब्याची रिव्हेट ठोकली आणि १८७३ मध्ये लेव्ही स्ट्रॉसबरोबर तिचं पेटंट घेतलं. अशा गोष्टी वाचल्या की मी ताबडतोब उठून कपाट उघडते आणि कुठल्या कपड्यावर ताण कुठे येतो ते शोधत बसते.

एवढा खटाटोप कशाला, सगळं तयार मिळतं की, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. तयार मिळतं हे खरंच आहे. घरी शिवलं की स्वस्त पडतं असंही मी म्हणणार नाही. कापड, दोरा, अस्तर, चेन, आणि त्यात गेलेला वेळ धरला तर बहुतेक वेळा ते महागच पडतं. पण तयार कपडा कुणाच्या तरी सरासरी मापाचा असतो. १८६३ मध्ये एबेनेझर बटरिक या शिंप्याने वेगवेगळ्या मापांचे कागदी साचे विकायला सुरुवात केली आणि घरोघरी कपडे बेतणं सोपं झालं. त्या साच्यांवर घरी बसून फेरफार करता येतात, हेच त्यांचं मोठेपण. एक खांदा जरा उतरता असेल, हात लांब असतील, बसताना पोटाशी ओढ बसत असेल, तर साच्यात तेवढंच बदलायचं. आधी मांजरपाटावर करून पाहायचं, मग चांगल्या कापडाला कात्री लावायची. आपलं शरीर चुकीच्या मापाचं नाही, कपडा चुकीच्या मापाचा आहे, हे टेप हातात धरल्यावर पटतं. आरशासमोर उभं राहून पटलं नव्हतं.

आणि दुरुस्ती! ती शिकायला तर मशीनही लागत नाही. रफू करताना भोकाच्या दोन्ही बाजूंनी, चांगल्या कापडातून सुरुवात करून, एका दिशेने धागे शेजारी शेजारी घालायचे. मग आडवे धागे त्यांच्या वरून-खालून, पुढच्या ओळीत खालून-वरून. म्हणजे मागावर जे घडलं होतं तेच सुईने एवढ्याशा जागेत पुन्हा घडवायचं. दोरा ओढायचा नाही, नाहीतर भोक आकसून गाठोडं होतं. मला रंग जुळलेलं रफू आवडतं आणि न जुळलेलं त्याहून आवडतं. जपलेली जागा दिसली तर बिघडलं कुठे?

विणकाम आणि क्रोशाकडे मी अजून वळतेच आहे, तेव्हा त्यांच्याविषयी थोडंच. विणकामात मुळात दोनच टाके, सुलट आणि उलट, आणि उलट टाका म्हणजे मागून पाहिलेला सुलट टाकाच. क्रोशात साखळी, मुका खांब, खांब. एवढ्याशा भांडवलावर माणसांनी स्वेटर, मोजे, जाळ्या, पडदे काय काय उभं केलंय! उसवलं की लोकर पुन्हा हातात येते, ही त्यातली आणखी एक मोठी सोय.

शिवणीतही उसवणं काही कमी शिकवत नाही. एका बाजूचे टाके दर तीन-चार टाक्यांवर कापायचे, मग उलटवून दुसऱ्या बाजूचा दोरा हलकेच ओढायचा, तो सबंध निघून येतो. दोन दोरे एकमेकांना कसे धरून होते ते तेव्हा पुन्हा दिसतं. सुती कापडात सुईची भोकं धुतल्यावर बुजतात. चामड्यात बुजत नाहीत, म्हणून तिथे आधी नीट ठरवून मगच सुई टेकवायची.

सध्या माझ्यासमोर बाही आहे. बाहीची वरची गोलाई मुंढ्याच्या, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या जागेच्या, घेरापेक्षा मुद्दाम थोडी मोठी बेतलेली असते, कारण खांद्याचं टोक गोल असतं आणि हात पुढे न्यायला जागा लागते. ती जास्तीची लांबी एकही चुणी न दिसता मुंढ्यात बसवायची. त्यासाठी गोलाईवर लांब टाक्यांच्या दोन ओळी घालतात, दोरे हलके ओढतात, आणि जमा झालेलं कापड बोटांनी दोन्हीकडे वाटत नेतात, खांद्यावर जास्त, काखेकडे अजिबात नाही. मग टाचण्या मुंढ्याच्या आतल्या बाजूने लावायच्या, शिवताना बाही खाली ठेवायची आणि मुंढा वर, म्हणजे खालच्या थराचं जास्तीचं कापड दाते आपणच ओढून घेतात. उजव्या बाहीला पुढची खूण कुठली आणि मागची कुठली ते मी खडूने लिहून ठेवलं आहे. डावी बेतायची आहे, आणि ती उजवीच्या उलट बेतायची आहे, हे कातरायच्या आधी कापडावर दोनदा ठेवून पाहणार आहे.